मुळासकट

डॉक्टर ‘गोड बंद करा’ म्हणाले, तेव्हा मी डायरीत ‘साखर बंद’ असं लिहून घेतलं. गोड आणि साखर या दोन शब्दांमध्ये जी फट राहते, तिच्यातूनच माझ्यासारखी माणसं उसाच्या फडात शिरतात.

रिपोर्टात एचबीए१सी ६.१ आली होती. तीन महिन्यांच्या रक्तातल्या साखरेची ही सरासरी. ५.७ च्या खाली असलात तर सुटलात, ६.५ ला पोचलात की मधुमेही. मी मधल्या ओसरीवर बसलेलो, आत बोलावतायत की बाहेर काढतायत याची वाट बघत. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गोड बंद करा आणि फायबर वाढवा. पहिली मी जड मनानं ऐकली, दुसरी मनापासून. ज्या वस्तूत गोडही आहे आणि फायबरही, तिचं काय करायचं, हे मात्र मी विचारलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला नको असतं, तो डॉक्टरांना विचारायचा नसतो. तो सकाळच्या फिरायच्या मंडळींत काढायचा असतो.

आमच्या त्या मंडळींत एक निवृत्त इंजिनिअर आहेत. ते नोकरीत असताना पूल बांधायचे, आता प्रकृती बांधून देतात. ते म्हणाले, “रस वाईट, ऊस चांगला. चरकात लिहिलंय.” मला वाटलं, रस काढायच्या चरकावर काहीतरी पाटी असेल. पण ते चरकसंहितेबद्दल बोलत होते. मी वाचनालयात जाऊन मराठी भाषांतर काढून पाहिलं, आणि गंमत म्हणजे ते खरं निघालं. दातांनी चावून खाल्लेला ऊस थंड आणि पुष्टी देणारा; यंत्रात पिळलेला रस मात्र जळजळ करणारा. वाग्भटानं तर कारणही दिलंय. यंत्रात मूळ, शेंडा, किडकं कांडं सगळं एकत्र चिरडलं जातं, त्यात मळ मिसळतो, आणि रस थोडा वेळ ठेवला की बिघडतो. कोपऱ्यावरच्या रसवंतीपुढे उभं राहून आपण जे डोळ्यांनी बघतो आणि तरी पितो, ते या माणसानं तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. मी भारावून गेलो. दातांनी पिळलेला रस ‘शर्करासम’, म्हणजे साखरेसारखा, असंही तिथेच लिहिलं होतं. मी ते कौतुक समजलो.

अशा शास्त्राधारानिशी मी संक्रांतीला सासुरवाडीला गेलो. सासुरवाडी शिरोळ तालुक्यात. कृष्णा-पंचगंगेच्या काळ्या रानात जिकडे बघावं तिकडे ऊसच ऊस. शेजारी जयसिंगपूरला दरवर्षी ऊस परिषद भरते, तिथे टनाला काय दर मिळावा यावर हजारो माणसं तावातावानं बोलतात. खाणाऱ्याच्या दातांचं काय, हा विषय तिथे अजून कोणी मांडलेला नाही. मी मांडू शकेन, पण मला ‘स’ म्हणताना अजून शीळ वाजल्यासारखं होतं.

संक्रांतीच्या दिवशी सुगडात घातलेले उसाचे करवे मी चार-पाच उचलले. पेराएवढे तुकडे ते, त्यांनी काय होणार? दुसऱ्या दिवशी कर. किंक्रांतीला काही नवं करू नये म्हणतात, प्रवासाला तर निघूच नये. माझं रात्रीच्या गाडीचं तिकीट त्याच दिवसाचं होतं. बायको आठवडाभर माहेरी राहणार होती. “करीच्या दिवशी नसते उद्योग करू नका,” एवढं बोलून ती आतल्या खोलीत बहिणींबरोबर गप्पांना बसली. मी मेहुण्याबरोबर रानात गेलो.

तोड चालू होती. बीडकडची टोळी पहाटेपासून फडात होती. कोयत्याचा एक घाव बुडख्याशी, मग पाचट साळायचं, एक घाव शेंड्यावर. वाढं बाजूला, मोळी डोक्यावर. त्यांच्यातली एक बाई तीसेक किलोची मोळी डोक्यावर घेऊन, उभ्या फळीवरून ट्रॉलीवर चढत होती. तिच्याकडे बघत बघत मी मेहुण्याला म्हणालो, “शहरात आम्हाला व्यायाम होत नाही रे. इथे ऊस नुसता सोलून खाल्ला तरी व्यायाम.” हे वाक्य त्या बाईला ऐकू गेलं नसावं, एवढीच प्रार्थना.

मी समोरचा एक ऊस उचलला. मेहुणा म्हणाला, “दाजी, त्यो नगा घेऊ. त्यो कारखान्याचा हाय, ८६०३२. खायाला बांधाला पुंड्या लावलाय, त्यो आणतो की.”

इथे दोन प्रकारची माणसं असतात. एक, ‘आण’ म्हणणारी. मी दुसरा.

पुंड्या म्हणजे जाड, मऊ, रसाळ ऊस; नावातच सुश्रुताच्या यादीतला पौंड्रक ऐकू येतो. तो खाण्यासाठी. कारखान्याचा ऊस हे वेगळं प्रकरण आहे आणि त्याचा इतिहास मला दाढ गेल्यावर भाचीनं समजावला. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदाशीचं केंद्र निघालं. तिथे बार्बर आणि व्यंकटरामन यांनी आपल्या गोड, मऊ उसाचं लग्न नदीकाठच्या रानटी, गवतासारख्या उसाशी लावलं. गोडवा एका घराण्याचा, काटकपणा दुसऱ्याचा. वाणांच्या नावापुढचा तो ‘को’ म्हणजे कोइमतूर. या सोयरिकीतून रोगाला दाद न देणारे, खोडव्यालाही नेटानं फुटणारे ऊस आले आणि देशातली साखर वाढली. पण त्या रानटी आजोबांनी नातवंडांना धागाही दिला. कारखान्याचं बरं झालं, कारण त्याच धाग्याचं बगॅस बॉयलरमध्ये जळतं आणि त्यावर कारखाना चालतो. म्हणजे मी जे दातांनी सोलायला घेतलं होतं, ते मुळात बॉयलरचं खाद्य होतं.

“दाजी, कोयता देऊ?”

“कोयता कशाला? लहानपणी दातांनीच सोलायचो.”

माझं लहानपण सदाशिव पेठेत गेलं. ऊस मी तुळशीच्या लग्नात मांडवाला बांधलेला बघितला होता.

पहिली साल निघाली तेव्हा फडातले चार-पाच जण कौतुकानं थांबले होते. दुसऱ्या सालीला त्यांनी कामाला लागणं पसंत केलं. उसाची साल ही साल नसते, ती पट्टी असते. दोन्ही कडांना धार. ती ओढताना ओठाच्या कोपऱ्याला लागली, मग जिभेला, मग पुन्हा त्याच कोपऱ्याला. शिवाय पाचटाची कुसं मानेवरून सदऱ्यात उतरली होती. एका हातानं ऊस, दुसऱ्यानं पाठ, असा मी बराच वेळ उभा होतो. शेवटी मेहुण्यानं न विचारता कोयता घेतला, अर्ध्या मिनिटात कांडी सोलून पितळी परातीत घातली आणि मला घरी अंगणात आणून बसवलं. लहान मुलाला भरवायला बसवतात तसं.

अंगणात भाची होती. ती कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचा प्रकल्प उसावरच आहे. मी तिला माझा सिद्धांत सांगितला. उसात फायबर आहे, फायबरमुळे साखर रक्तात सावकाश जाते, चावून खाल्ल्यानं पोट भरल्यासारखं वाटतं, चरकाचाही पाठिंबा आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मामा, जरा थांबा हं,” आणि आतून हळद मोजायचा डिजिटल काटा घेऊन आली. परातीतली कांडी मोजली. १ किलो ४०० ग्रॅम. “आता खावा. चोथा या पाटीतच थुंका, इकडं तिकडं नको.”

मला वाटलं, घरात स्वच्छता फार आहे.

मी खात होतो. खरं सांगतो, इतका गोड ऊस मी आयुष्यात खाल्ला नव्हता. शेंड्याकडची कांडी पचपचीत, थोडी खारट. जसजसा खाली यावा तसा गोड. ‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’ ही म्हण ज्यानं केली, त्यानं बुडख्याकडचं कांडं खाऊन पाहिलेलं असणार, नाहीतर त्याला बजावायचं सुचलंच नसतं. बुडख्याकडेच साखर सगळ्यात जास्त असते. धागाही तिथेच सगळ्यात कडक. मी तळाशी पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते, जबडा कानाखाली ठणकत होता, आणि परातीत शेवटचं, डोळ्याजवळच्या गाठीसकट एक कांडं उरलं होतं. ते सोडावं असं मनात आलं. पण परातीत एकच तुकडा टाकणं बरं दिसत नाही.

कट्ट असा आवाज झाला. आधी वाटलं, कांडं मोडलं. मग जीभ उजवीकडच्या खालच्या दाढेवर गेली आणि तिथे दाढ नव्हती. तिच्या जागी जुन्या घराचं जोतं होतं. तीन वर्षांपूर्वी रूट कॅनॉल करून बसवलेली कॅप. ती तोंडात नव्हती. म्हणजे ती पाटीत होती. आणि पाटी घेऊन मेहुणा गोठ्याकडे निघाला होता, कारण चोथा म्हशीला आवडतो.

“थांब!” मी ओरडलो. उच्चार ‘फांब’ असा झाला. म्हशीनंही वळून बघितलं.

मग सगळं घर त्या चोथ्याभोवती बसलं. जावयानं चावून थुंकलेला चोथा त्याची बायको, मेहुणा, मेहुण्याची बायको आणि दोन मेव्हण्या बोटांनी उलगडतायत, हे दृश्य बघत राहण्यापलीकडे मला काम नव्हतं. सासूबाई शेवटी आल्या. त्यांनी चष्मा लावला, पाटीत एकदाच हात घातला आणि तांदळातला खडा काढावा तशी कॅप काढून हातावर ठेवली. “ही बघा जावईबापू. धुवून देते.” पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे सगळे दात स्वतःचे आहेत. त्या पुंड्या खातात.

भाचीनं मधल्या काळात चोथा मोजला होता. “दाताचे दोन ग्रॅम वजा केलेत मामा,” ती म्हणाली. चोथा भरला ७५० ग्रॅम. म्हणजे ६५० ग्रॅम रस माझ्या पोटात. “तुमची लाळ चोथ्यातच आहे, त्यामुळं खरं तर जास्तच.” हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत १०० मिलिलिटर उसाच्या रसात १३ ते १५ ग्रॅम साखर धरलीय आणि मोठ्या माणसानं दिवसाला ३० ग्रॅमवर जाऊ नये असं म्हटलंय. मी तोंडी हिशेब केला. नव्वद ग्रॅमच्या आसपास. तीन दिवसांचा कोटा. वाईट, पण निस्तरता येईल असं.

“पण मामा, तो झाला गाड्यावरचा रस. आपला करीचा ऊस आहे.” तिनं बुडख्याच्या उरलेल्या ढेपीतून दोन थेंब रस तिच्या ब्रिक्समीटरच्या काचेवर पिळले आणि उन्हाकडे धरून एका डोळ्यानं पाहिलं. कारखान्याचे लोक ऊस पिकला का ते असंच बघतात. “एकवीस.” म्हणजे रसात विरघळलेलं जे काही आहे ते शेकडा एकवीस, आणि त्यात बहुतेक सगळी साखरच. इतर क्षारबिर सोडून दिले तरी सव्वाशे ग्रॅम. चहाचे पंचवीस चमचे.

“पण फायबर?” मी विचारलं. मला शेवटची आशा होती.

तिनं काही न बोलता गोठ्याकडे बोट केलं. मेहुण्यानं पाटी म्हशीपुढे ओतली होती. म्हैस मान खाली घालून माझं फायबर खात होती. मी दोन तास जबडा मोडून साखर तेवढी गिळली होती आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली वस्तू निवडून निवडून थुंकली होती. इतक्या काळजीनं कारखान्यालासुद्धा ऊस पिळता येत नाही.

मटणाला वेळ लागणार होता, म्हणून सासूबाई जेवणाआधी साखर बघायला बसल्या. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह आहे, त्यामुळे घरात यंत्र आहे. स्वतःचं बोट टोचलं. १२८. मग माझ्याकडे बघून नवी सुई काढली. दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० च्या आत असावं लागतं, २०० ला पोचलं की मधुमेह. मी तीच तपासणी, मात्रा वाढवून, अंगणात फुकट केली होती. १९३ आली. सासूबाईंनी आकडा वाचला, यंत्र पुसून डबीत ठेवलं आणि म्हणाल्या, “आता तुम्हाला भाकरी अर्धीच वाढते.” पुण्यातल्या डॉक्टरांनी यासाठी मला चार पानी तक्ता दिला होता.

भाकरी अर्धी, पण तांबडा रस्सा पूर्ण. करीच्या दिवशी जावयाला मटण म्हणजे तांबडा-पांढरा व्हायलाच हवा. ओठाचा कोपरा चिरलेला, जिभेला तीन जागी वरखडे, दाढेचं जोतं उघडं, आणि समोर कोल्हापुरी कट. पहिल्या भुरक्याला डोळ्यांतून धार लागली. सासूबाईंना वाटलं, लेक आठवडाभर इकडे राहणार म्हणून जावई हळवे झाले. त्यांनी बायकोला हाक मारून दाखवलं. हा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर असल्या मिळकती वाया घालवायच्या नसतात.

निघताना कॅप कशात न्यायची हा प्रश्न आला. कागदात हरवेल, खिशात तुटेल. सासूबाईंनी देवघरातला जुना, लहानसा कुंकवाचा करंडा दिला. फिरकीचं झाकण, एकदम घट्ट. “पुसून दिलाय,” म्हणाल्या.

उसाला वैद्यकात मूत्रलही म्हटलंय. ते मला पेठ नाक्यालाच आठवलं. अर्थात अर्ध्या लिटरच्या वर रस प्यायलेल्या माणसाला त्यासाठी संहिता उघडायची गरज नसते. नाक्यावर गाडी थांबली होती, तिथे एकदा. कराडला थांबली, तिथे दुसऱ्यांदा. कराड सुटून अर्धा तास झाला नाही तोच मी कंडक्टरच्या सीटशी जाऊन उभा राहिलो.

“काका, पोट बिघडलंय का?”

“नाही. ऊस.”

“किती?”

“दीड किलोला थोडा कमी.”

त्यानं ड्रायव्हरला हाक मारली, “साताऱ्याच्या अलीकडं एकदा घे रं बाजूला. आणि पलीकडं एकदा.” तोही ऊसपट्ट्यातलाच असावा.

झोप लागणं शक्य नव्हतं, म्हणून संहितेची जी पानं मी मोबाइलमध्ये टिपून ठेवली होती ती पुढे वाचली. पुस्तकं पुढे वाचावीत, हे मला कोणी शिकवलं नाही. उसाच्या गुणांत पुष्टी देणारा म्हणजे अंगावर मांस चढवणारा असं होतं, आणि कफ वाढवणारा असंही. त्याच चरकानं दुसऱ्या प्रकरणात प्रमेहाची कारणं दिली होती. आरामात बसून राहणं, सुखानं झोपणं, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ आणि कफ वाढवणारं जे काही असेल ते. हे तर माझं दिवसाचं वेळापत्रक होतं. ज्या वकिलाच्या भरवशावर मी कोर्टात उभा राहिलो, तो दुसऱ्या पानावर माझ्याच विरुद्ध साक्ष देत होता.

सकाळी दंतवैद्याकडे गेलो. करंडा टेबलावर ठेवला, फिरकी उघडली. सासूबाईंनी पुसला होता खरा, पण तीस वर्षांचं कुंकू एका पुसण्यानं जात नाही, आणि कॅप ओलसर असताना आत गेली होती. ती आता सौभाग्यवती झाली होती.

“हे रक्त आहे?” डॉक्टरांनी हातमोजे चढवत विचारलं.

“नाही. कुंकू.”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही, सहायक मुलगी मात्र उगीचच आत निघून गेली. कॅप शाबूत होती. ती घासून पुसून, जोत्यावर बसते का ते बघत असताना मी माझी बाजू मांडली, की मी काही चॉकलेटं खाल्ली नव्हती, नैसर्गिक गोष्ट होती, तीही सावकाश खाल्ली, दोन तास लावून. ते म्हणाले, “तेच तर. तोंडातल्या जंतूंना साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात, आणि पीएच साडेपाचाच्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. लाळेला ते पुन्हा जागेवर आणायला वेळ द्यावा लागतो. तुम्ही दोन तास तिला हात वर करू दिला नाही. पेढा खाऊन चूळ भरली असती तर दातांना कमी त्रास झाला असता.”

पेढा. वाडी सासुरवाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. नरसोबाच्या वाडीचे पेढे मी साखर असते म्हणून दोन दिवस नाकारले होते.

कॅपला सिमेंट लावून त्यांनी ती दाबून धरली. “दहा मिनिटं तोंड मिटायचं नाही, बोलायचं नाही.” तेवढ्यात खिशातला फोन वाजला. शिरोळहून बायको. सहायक मुलीनं उचलून माझ्या कानाशी धरला.

“दात बसला का? बरं, ऐका. दादा म्हणतोय, म्हैस कालपासून चोथाच मागतेय. ऊस घातला, वाढं घातली, तर तोंड फिरवतेय. तुम्ही परत कधी येताय, विचारतोय तो.”

मी तोंड उघडं ठेवूनच “आ” म्हणालो.

“आलो म्हणतायत,” ती पलीकडे कोणाला तरी सांगताना ऐकू आली.